येसाया कसेबाचा लष्करी डगला

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. माझा खाकी रंग उडाला आहे, कॉलर झिजली आहे आणि सहा बटणांपैकी दोनच मूळची उरली आहेत. बाकीची चार कुठल्या कुठल्या कपड्यांवरून आली, ते मलाही सांगता येणार नाही. तरी मला कोट म्हणू नका. मी लष्करी डगला आहे, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली पोचणारा. साठ वर्षं मी एकाच माणसापाशी काढली. त्याचं नाव येसाया कसेबा. मी माझी गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण तिच्यात तोच जास्त येणार, त्याला माझा इलाज नाही.

माझं कापड तुमच्या हिंदुस्थानातल्या एका गिरणीत विणलं गेलं. तिथल्याच छावणीत, ब्रह्मदेशच्या लढाईवर निघालेल्या आफ्रिकी शिपायांना डगले वाटले आणि मी येसायाच्या वाट्याला आलो. आफ्रिकेतल्या कासामा गावाजवळच्या खेड्यातला, बेंबा जमातीचा तो तरुण चांगला उंच होता, पण माझ्या बाह्या त्यालाही चार बोटं लांब झाल्या. रांगेत त्याच्यामागे एक बुटका शिपाई उभा होता.

"डगला झकास आहे," तो म्हणाला. "आत माणूस कधी घालणार?"

येसायानं वळूनही बघितलं नाही. "उंदरांचा वास येतोय. मागं न्गोनी उभा आहे वाटतं."

"उंदीर तरी परके असतात! तुम्ही माकडं खाता, आपल्याच भाऊबंदांना!"

सगळी रांग हसली. तो बुटका म्हणजे लेविसन जेरे. त्या दिवसापासून हे दोघं एकमेकांशी कधी सरळ बोलले नाहीत आणि एकमेकांवाचून कधी राहिलेही नाहीत.

आमच्याकडची रीतच तशी आहे. बेंबा आणि न्गोनी या दोन जमाती पूर्वी एकमेकींशी लढल्या. लढाया संपल्या आणि थट्टा तेवढी उरली. ती कुणी कितीही बोचरी केली तरी रागवायचं नाही. बेंबाच्या घरी मयत झालं की न्गोनीनं यायचं, मेलेल्याला नावं ठेवायची, त्याची नक्कल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं. न्गोनी गेला की हेच काम बेंबाचं. त्याशिवाय मेलेला माणूस सुखानं निघत नाही असं सगळे मानतात.

ब्रह्मदेशातल्या डोंगरांवर लेविसननं स्वतःचा डगला एका कोंबड्याच्या बदल्यात देऊन टाकला. कोंबडा एका दिवसात संपला आणि थंडी तीन महिने राहिली. मग माझी उजवी बाही येसायाची आणि डावी लेविसनची झाली. माझ्या शिवणी करकरत, तरी मी कुरकुर केली नाही. तिथंच एकदा त्यांच्या तुकडीतला एक बेंबा शिपाई गोळी लागून गेला. लेविसन खड्ड्यापाशी उभा राहून थट्टेला सुरुवात करणार, तोच साहेब ओरडला, "चूप! लाज नाही वाटत?" त्या बिचाऱ्याला मुकाट्यानं पुरलं. येसायाला ते फार लागलं. दोन दिवस तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी तो लेविसनला म्हणाला, "मी आधी गेलो तर मला असं मुकं पाठवू नकोस."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तुझ्याबद्दल बोलायला मला आठवडा पुरायचा नाही."

लढाई संपली. लेविसनचं गाव दूर पूर्वेला होतं, पण 'आठ दिवस राहून जातो' म्हणून तो येसायाबरोबर कासामाला आला आणि तिथलाच झाला. बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर शिवणयंत्र मांडून बसला. आमच्याकडे ऋतू तुमच्या उलटे; दरवर्षी मे महिन्यात गार वारं सुटलं की येसाया मला घेऊन त्याच्याकडे जाई. मला हातात धरून उजेडाकडे करत लेविसन विचारी, "हा डगला आहे की मासे धरायचं जाळं?" मग तो अस्तर बदली, कोपराला ठिगळ लावी. येसाया बदल्यात वाळवलेल्या सुरवंटांची पुरचुंडी पुढे करी आणि म्हणे, "खा. उंदरापेक्षा बरे लागतात."

माझे ते दिवस फार चांगले होते. येसायाच्या बायकोचे दिवस भरले, तेव्हा त्यानं तिला मला पांघरलं, सायकलवर बसवलं आणि तीस मैल सायकल हाकत मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं लुकोंडे जन्मला. त्याचं पहिलं अंथरूण मीच, आणि माझ्यावर पहिली ओल करणाराही तोच. तेव्हापासून त्याच्या आईला सगळे बाना लुकोंडे म्हणू लागले, म्हणजे लुकोंडेची आई. मागून आणखी तीन मुलं आली. चौघंही माझ्यात गुरफटून झोपली. येसाया मुलांवर कधी हात उचलत नसे. कुणाचं छप्पर उडालं, कुणाचं कसाव्याच्या कंदांचं शेत डुकरांनी उकरलं, की हा न बोलावता हजर. नोव्हेंबरात माजी सैनिकांची परेड असे. तेव्हा रणरणत्या उन्हात तो मला घालून, छातीवर पदकं लावून उभा राही. आम्ही दोघंही घामानं निथळत असू, पण माझी मान ताठ असे.

पुढे लुकोंडे कित्वे शहरात खाणीच्या कचेरीत लागला, तिथल्या एका कडक चर्चमध्ये जाऊ लागला आणि त्यानं बापाला नवं जाकीट पाठवलं. हलकं, चकचकीत, चेन असलेलं. मी आधी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर गेलो आणि मग कसाव्याच्या पोत्यांवर. एका कोंबडीनं माझ्यावर अंडी घातली. मला फार अपमान वाटला. येसायानं ते बघितलं आणि तो म्हणाला, "राहू दे तिला. तिलाही थंडी वाजत असेल." मी त्याच्यावर रुसलो. पण त्याच्यावर फार वेळ रुसून राहणं कुणालाच जमलं नाही, मलाही नाही.

एक्क्याऐंशीव्या वर्षी, जुलैच्या थंडीत, येसाया गेला.

दुसऱ्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. मी पोत्यांवर पडल्या पडल्या दारातून सगळं बघत होतो. लुकोंडे कित्वेहून छापील कार्यक्रम घेऊन आला होता: कुठली स्तोत्रं, कुणाची भाषणं, किती मिनिटं. सगळ्यांचे कान मात्र फाटकाकडे होते. न्गोनीनं फाटकातूनच शिव्या देत यायचं असतं. लेविसन आला तो काठी टेकत, खाली मान घालून. एक शब्द बोलला नाही.

लुकोंडे पुढे झाला. "काका, एक विनंती आहे. आमचे पाद्रीबाबा आलेत. तो थट्टेचा प्रकार आज नको. बाबांना मानानं जाऊ द्या."

त्यानं लेविसनला वडीलधाऱ्यांच्या रांगेत खुर्ची दिली आणि हातात चहाचा कप ठेवला. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. शहरात ज्याला मान म्हणतात तोच त्यानं दिला.

"बरं, पोरा," लेविसन म्हणाला आणि बसला.

मला लुकोंडेचा राग आला. त्याहून जास्त लेविसनचा आला. दिलेला शब्द इतक्या स्वस्तात सोडला? पण कपातली साखर विरघळली तरी त्याचा चमचा फिरतच राहिला, आणि मला कळलं. म्हाताऱ्याच्या तोंडात थट्टाच उरली नव्हती. लुकोंडेनं नको म्हटल्यानं त्याला सुटल्यासारखंच झालं होतं.

बायका कुजबुजू लागल्या.

"न्गोनी खुर्चीवर बसलाय!"

"अगं, चहा पितोय! दोन चमचे साखर घालून!"

"मग आता येसायाला वाटेला कोण लावणार?"

बाना लुकोंडे आत मयतापाशी बसली होती. नवरा गेलेल्या बाईनं उठायचं नसतं, बोलायचं नसतं. ती उठली. स्वयंपाकघरात आली, मला उचललं, झटकलं, तशी कोंबडीची पिसं उडाली. मग ती भर अंगणात गेली आणि मला लेविसनच्या मांडीवर फेकलं. चहा सांडला. जन्मभर ती त्याला भावोजी म्हणत आली होती.

"ए उंदीरखाऊ!" ती ओरडली. "फुकटचा चहा प्यायला आलास होय? माझा नवरा आत ताटकळत पडलाय आणि तू इथं पाव्हण्यासारखा बसतोस?"

"आई!" लुकोंडे धावला. "पाद्रीबाबा बघतायत."

"बघू देत. बापाला मान द्यायचाय ना तुला? मग आधी ह्याला खुर्चीवरून उठव."

लुकोंडेनं आईकडे बघितलं, मग लेविसनकडे. त्यानं म्हाताऱ्याच्या हातातला कप काढून घेतला.

लेविसन उठला. त्यानं मला अंगात घातलं. मी त्याच्या घोट्यापर्यंत लोळत होतो. त्यानं काठी फेकली, एक गुडघा ताठ केला, हात पाठीमागे बांधले आणि येसाया चालायचा तसा चालू लागला, प्रत्येक कोंबडीपाशी थांबून तिची विचारपूस करत. कुणीतरी फिसकन हसलं. दाराशी, आतल्या शवपेटीसमोर येऊन तो थबकला.

"काय रे माकडखाऊ! लढाईत तू सगळ्यांच्या मागं. लग्नात नवरी येऊन बसली तरी तुझा पत्ता नाही. आणि आज बरा माझ्या पुढं रांगेत घुसलास! ऊठ, माझा नंबर आधी आहे!"

हशा पिकला.

"लोकहो, हा म्हणे शूर शिपाई! तोफ उडाली तरी हा हलायचा नाही, आणि बायकोनं हाक मारली की चप्पल सोडून पळायचा. पदकं सरकारनं दिली, पण घाबरवलं फक्त बाना लुकोंडेनं!"

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत हसत होत्या. बाना लुकोंडे हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पाद्रीबाबांनी स्तोत्रांचं पुस्तक तोंडापुढे धरलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मित्रांनो, बाहेर एवढा हशा चालला असताना आत त्या म्हाताऱ्याचं काळीज कसं धडधडत होतं, ते फक्त मला ठाऊक आहे. प्रत्येक थट्टेनंतर तो माझ्या अस्तराला घट्ट धरी. तरी त्यानं शेवटची मूठभर माती पडेपर्यंत लोकांना हसवलं. येसाया मुका गेला नाही.

सगळे परतले तरी लेविसन मातीच्या ढिगापाशी बसून राहिला. लुकोंडे त्याला न्यायला आला.

"चला काका. गारठा आहे."

"पोरा," लेविसन म्हणाला, "न्गोनीला पाठवायला बेंबा लागतो. माझा बेंबा आत्ताच पुरला. माझ्या वेळी कोण येणार?"

लुकोंडे त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या शहरात, त्याच्या चर्चमध्ये, म्हाताऱ्या माणसाला अरे-तुरे करत नाहीत. तरी त्यानं कमरेवर हात ठेवले.

"ए... ए न्गोनी," त्याचा आवाज फाटला. "ऊठ. आमची माती आहे ती. बसून बसून झिजवू नकोस."

लेविसननं मान वर केली. "ह्याला थट्टा म्हणतात? शाळेतली कविता बरी! बापानं काहीच शिकवलं नाही तुला?"

"नाही शिकवलं. तू शिकव," लुकोंडे म्हणाला. तो रडत होता. "मी दर महिन्याला येईन. तुझ्या मयतापर्यंत मला नीट जमलं पाहिजे."

त्यानं हात पुढे केला आणि आम्हां दोघांना उठवलं.

हल्ली मी लेविसनच्या अंगावर असतो. त्यानं मला खालून वीतभर कापलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. लुकोंडे दर महिन्याला येतो. त्याची थट्टा अजून कच्ची आहे आणि म्हातारा त्याला त्यावरून फार बोलतो.

मित्रांनो, जुने कपडे जपा, त्यांना कोंबड्यांखाली घालू नका, एवढंच सांगायचं माझ्या मनात होतं. पण तुमच्याही घरी एखादा म्हातारा येत असेल, वडिलांना नावं ठेवणारा, त्यांच्या तरुणपणीच्या फजित्या सांगणारा. त्याला मान द्यायचा म्हणून गप्प बसवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्याकडून दोन-चार शिव्या नीट शिकून घ्या. त्याची वेळ येईल, तेव्हा त्या त्याला तुम्हीच द्यायच्या आहेत.