उत्पत्तीचे दिवस

रविवारी चर्चहून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर डायनासोरच्या अंड्याचा दगड ठेवला. मी भूगर्भशास्त्र शिकवते. दगड इथलाच, जबलपूरचा, साडेसहा कोटी वर्षांचा.

बाबांनी बायबल उघडून उत्पत्तीच्या पानावर बोट ठेवलं. "सहा दिवसांत देवानं जग केलं. लिहून आहे." तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं मापं तपासलेला माणूस, त्यांना केसभर फरक चालत नाही.

"सूर्यच चौथ्या दिवशी झाला, बाबा. आधीचे तीन दिवस मोजले कशानं?"

"काहून वाद घालून राहिली?"

आई वरण वाढत होती. "अहो, हिच्या वेळी मला दिवस गेले, त्या दिवसांचे नऊ महिने झाले. देवाच्या दिवसांचं काय घेऊन बसले?"

पंख्यानं पानं फडफडत होती. बाबांनी दगड उचलला आणि उत्पत्तीवर ठेवला.