बंद कोठीतला सबक

शबनम कुरआन पाठ करायला जालन्याच्या निवासी मदरशात राहू लागली, तेव्हापासून तिच्या आईला, नसरीनला, नूरबी खटकत होती. नूरबी ही वसतिगृहाची आपा. मुलींना पहाटे उठवायची, आजारपणात औषध द्यायची, रोज त्यांचं पाठांतर ऐकून घ्यायची. इतकं गोड बोलणारं माणूस सरळ असूच शकत नाही, असं नसरीनचं ठाम मत.

बकरी ईदच्या सुट्टीत शबनम बदनापूरला घरी आली आणि सहज बोलून गेली. दुपारी सगळ्या मुली झोपल्या की नूरबीआपा तिला एकटीलाच धान्याच्या कोठीत नेतात, आतून कडी लावतात.

"कायकू?" नसरीनची पोळी तव्यावरच करपली.

"नक्को पूछ, अम्मी. आपा ने कसम दी है."

झालं! नसरीनच्या मनात नको नको ते येऊ लागलं. मारते? राबवून घेते? की त्याहून वाईट? तिनं पोरीचे हात, पाठ, मान, सगळं तपासलं. वळ कुठंच नव्हता. मग तर तिला जास्तच शंका आली. शेजारच्या नंदाबाईनं त्यात भर घातली, "मंग इचारत काय बसली? भर दुपारी जाऊन धर की तिला!"

सुट्टी संपली तशी एका दुपारी नसरीन मदरशात धडकली. साक्षीला म्हणून मदरशाच्या प्रमुख, बडी आपा, यांनाच कोठीच्या दाराशी घेऊन गेली.

आतून आवाज येत होता तो नूरबीचा. ती कुरआन म्हणत होती. एका आयतीवर अडली, मागं गेली, पुन्हा तिथंच अडली. मग शबनमनं हळूच पुढचा शब्द सांगितला आणि नूरबी पुढं सरकली.

नसरीनला उमगलं. नूरबी पाठ केलेलं विसरत चालली होती. अख्खं कुरआन तोंडपाठ असलेल्या हाफिजा बाईला याच्यासारखी दुसरी शरम नाही, आणि इथं तर कामच मुलींचं ऐकण्याचं. म्हणून तिनं आपल्याच शागिर्द मुलीला गुपचूप उस्ताद केलं होतं. नसरीनचा जीव भांड्यात पडला. पण बडी आपाही कान देऊन सगळं ऐकत होत्या.

"चला आपा, माझीच गलती झाली," नसरीननं घाईघाईनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि दार ठोठावलं.

नूरबी संध्याकाळीच पेटी घेऊन केदारखेड्याला माहेरी गेली. शबनम आईशी भांडली नाही, की रडलीही नाही.

जुम्म्याला तिचा फोन आला. नसरीननं जेवणाखाण्याची चौकशी केली, मग चाचरत नूरबीचं काही कळलं का, तेही विचारलं.

"अम्मी," शबनम दबक्या आवाजात म्हणाली, "तेरे बाजू में और कोन सुन रहा है?"