झाडाची मागची बाजू

शेवटचं पान तारेला गुंडाळून झाडकाकांनी हात झटकले, चार पावलं मागं सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लाव दिवा."

सूनबाईनं बटण दाबलं. दिवाणखान्यात दर्शनी भिंतीसमोर, ऐन मध्यावर, पुरुषभर उंचीच्या जाळीच्या पेटीत झाड उजळून निघालं. बुंध्यावर गाठी, गाठींवर शेवाळ, फांदीफांदीला हिरव्याच्या नाना छटा. एकशे बारा पानं, सगळी कापडाची, सगळी हातानं कातरून रंगवलेली. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांसाठी झाडं केली होती. वीज पडून जळालेलं झाड केलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला होता म्हणे. कंपनीत त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

"बाबा, हे तर..." सून म्हणाली आणि जाळीला नाक लावून बघू लागली.

साहेबांचं मत मात्र वेगळं पडलं.

साहेब म्हणजे वीतभर लांबीचा, झाडावर राहणारा सरडा. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिथले काचा घासणारे म्हातारे मिस्त्री लेकीकडे परदेशी निघाले, तेव्हा जाताना त्यांनी तो तिच्या हवाली केला. एक डोळा तिच्याकडे आणि दुसरा दाराकडे लावून बसणारं गिऱ्हाईक तिला जन्मात पहिल्यांदाच भेटलं होतं. तिचा जीवच जडला. पण घर बदलल्यापासून साहेबांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बसकी काचेची पेटी ह्याच्या उपयोगाची नाही, ह्याला उंची हवी, झाड हवं, पाणीसुद्धा हा पानांवरचे थेंब चाटूनच पितो. आणि आठवडाभरात खाऊ लागला नाही, तर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे देऊन टाकू. त्यांच्याकडे असे दहा आहेत.

दहा आहेत हे ऐकून सूनबाईचा चेहरा एवढासा झाला. आणि झाडाचं नाव निघालं तसे झाडकाका दिवाणावरून उठले. चार महिन्यांत ते असे आपणहून पहिल्यांदाच उठले होते.

मुलगा जहाजावर नोकरीला. बायकोच्या भरवशावर वडिलांना इथं आणून तो समुद्रावर गेला होता. तिनंही कसूर केली नव्हती. घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांना दिली होती: दिवाणखान्यात, खिडकीपाशी, पंख्याखाली. येणारा-जाणारा विचारायचा, कसं वाटतंय? ते म्हणायचे, छान. घरी असली की सूनही तासातासाला विचारायची. छान, अगदी छान.

तर साहेबांना झाडावर सोडलं. ते एकेक पाऊल चिमट्यासारखं टाकत, जरा झुलत, जरा थांबत, सगळ्या देखण्या फांद्या ओलांडून थेट मागं गेले. मागं नुसत्या काठ्या होत्या आणि तारा; नाटकातल्या झाडाला मागची बाजू करतं कोण? तिथं शेपटीची गुंडाळी करून, अंगावर काळपट छटा आणून ते बसले ते बसलेच. झाडकाकांनी दोनदा उचलून पुढं आणलं. दोन्हीदा ते मागं गेले.

"इतक्या वर्षांत माझ्या झाडाला कुणी पाठ दाखवली नव्हती," झाडकाका हसत म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले अर्धंच.

सूनबाई दिवसातून चारदा पाण्याचा फवारा मारायची, रातकिड्यांची वाटी बदलायची आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साहेबांना ठेवून आकडा वाचायची. अठ्ठावन्न ग्रॅम. छप्पन्न. पंचावन्न. आकडा मोठ्यानं सांगायचं तिनं सोडून दिलं.

पाचव्या दिवशी दुपारी ती कामावर असताना झाडकाका पेटी आणि भिंत यांच्या सांदीत शिरले. म्हटलं, आता तिसऱ्यांदा पुढं आणू. छोटं स्टूल ओढून टेकले. आत गारवा होता, अर्धा काळोख होता. साहेब हातभर अंतरावर. पानांच्या फटींतून पलीकडचा दिवाणखाना दिसत होता, लख्ख उजेडात: घड्याळ, खुर्च्या, आणि सुरकुती नसलेल्या चादरीचा त्यांचा दिवाण.

हात पुढं करायचं ते विसरून गेले. अशाच जागी तर जन्म गेला होता. मांडीवर हातोडी घेऊन, विंगेच्या अंधारात. केवढाले नट तिथं यायचे, घटाघटा पाणी प्यायचे, उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलायचे. टाळ्या पुढं घ्यायच्या. घास गिळायचा तो इथंच.

त्यांनी एक पान चिमटीत धरलं. ओलं होतं, पण थेंब नव्हता. सगळं पाणी कापडच पिऊन बसलं होतं.

संध्याकाळी सूनबाईनं दार उघडलं तर जमिनीवर एकशे बारा पानांचा सडा. पेटी ढकलत ढकलत कोपऱ्यात नेलेली. आणि सोफ्यापाशी रोपांच्या सात कुंड्या, खऱ्या मातीच्या, खऱ्या पानांच्या.

"बाबा, अहो, हे काय केलंत?"

"पुढची बाजू काढून टाकली," झाडकाका म्हणाले. "आता सगळीकडून मागचीच. ये, हात लाव."

रोपवाटिकेपर्यंत ते एकटे गेले होते, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. पण विचारायला वेळ कुठं होता? फांद्या साहेबांच्या मुठीत मावतील एवढ्या जाडीच्या झाल्या, दिवा जाळीच्या वर चढला, भिंतीकडची सोडून तिन्ही बाजू पानांनी गच्च झाल्या. तिनं फवारा मारला. पानापानाच्या टोकाला थेंब लोंबकळले.

"आता साहेब दिसणार कसे?" तिनं विचारलं.

"न दिसणं, तेच तर हवंय त्यांना."

सकाळी दोघंही पेटीमागच्या सांदीत, दोन स्टुलांवर, गुडघ्याला गुडघे लावून, चहाचे कप हातात. बोलायचं नाही असं ठरलं होतं. पानाआडून आधी एक डोळा आला, मग तोंड. साहेबांनी थेंब चाखला. दुसरा चाखला. मग वाटीकडे तोंड वळलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि एकदम एक रातकिडा वाटीत नव्हता. सूनबाईनं सासऱ्यांची बाही घट्ट पकडली. चहा सांडला तो दोघांच्याही पायावर.

"रंग बघ," झाडकाका कुजबुजले. कोवळ्या पोपटी रंगाचा ठिपका हळूहळू पाठभर पसरत होता.

शनिवारी काटा सत्तावन्नवर आला, आणि तिनं आकडा एवढ्या मोठ्यानं सांगितला की शेजारच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या. पेटीपुढं दोन येरझाऱ्या घालून, चष्मा वर-खाली करून त्या म्हणाल्या, नुसत्या पानांच्या पेटीचं कसलं एवढं कौतुक? सासरा-सून एकमेकांकडे बघून इतके हसले की बाई जराशा रुसूनच गेल्या. दहा सरडेवाल्या गृहस्थांना अकरावा मिळणार नव्हता.

रविवारी मागच्या खोलीतून सामान सरकवल्याचे आवाज येऊ लागले. झाडकाका बघायला गेले. सूनबाईनं ट्रंका बाहेर काढल्या होत्या, मोडकी खुर्ची काढली होती, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड असलेली लहानशी खिडकी ती पुसत होती.

"कुणी येणार आहे का गं?"

"नाही. तुमची हत्यारं कुठं आहेत, बाबा?"

"दिवाणाखाली."

"आणा इकडे."

ते तिथंच उभे राहिले. "अगं, पुढची जागा चांगली आहे. वारा येतो."

"आहेच चांगली," ती खिडकी पुसतच म्हणाली. "तिथं मी बसत जाईन."

दुपारी मागच्या खोलीतून कानस घासल्याचा आवाज येत होता. दार लोटलेलं. तास झाला. सूनबाई दारापर्यंत गेली, टकटक करायला हात उचलला, खाली घेतला, आणि चहाचा कप उंबऱ्याशी ठेवून परत फिरली.

थोड्या वेळानं दार जरासं किलकिलं झालं, आणि कप आत गेला.