सहावी पायरी मोडलीच नाही

मित्रांनो, वर्धापनदिनाच्या रविवारी, भर उपासनेत, मी आमच्या चर्चच्या सचिवकाकांना खाली पाडलं.

तसं काही घडलेलं नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'शिडीवरून कोणीही पडले नाही.' तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मी रीतसर सुरुवात करते.

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला दहा पायऱ्या होत्या. सध्या नऊ आहेत, पण त्याचा वरच्या वाक्याशी काही संबंध नाही.

मला एका रंगाऱ्याने स्वतःच्या हातांनी घडवलं. पायऱ्या त्याने इतक्या घासल्या की त्याची बायको म्हणाली, "अहो, शिडी करताय की पाळणा?" फरशीवर घसरू नये म्हणून त्याने माझ्या दोन्ही पायांना जुन्या टायरचे तुकडे ठोकले. माझ्यावर चढून त्याने या चर्चचं छत रंगवलं. गडद निळं आकाश आणि त्यात चारशे बारा तारे. आकडा मला पक्का माहीत आहे, कारण प्रत्येक ताऱ्यासाठी तो मला थोडं सरकवायचा आणि सरकवताना 'सॉरी हं' म्हणायचा.

छत पूर्ण झालं आणि दारापाशी शिला बसली. तिच्यावर कोरलं होतं, 'हे छत सचिवांच्या कल्पनेतून साकार झाले.' रंगाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. तो हसला. मी हसले नाही. मी लाकूड आहे, आमच्यात राग वर्षानुवर्षं मुरतो.

पुढे रंगारी आजारी पडून गेला. कबरस्थानाच्या भिंतीलगत, झाडाच्या सावलीत त्याला जागा मिळाली. त्याची बायको चर्चची झाडलोट करत राहिली. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणतात. आणि मला सचिवकाकांनी उचललं.

त्यांना रविवारच्या शाळेसाठी 'विश्वासाच्या वाढीचे टप्पे' दाखवायचे होते. त्यांनी सात पत्र्याच्या पट्ट्या रंगवून घेतल्या आणि माझ्या पायऱ्यांवर चार-चार इंची खिळ्यांनी ठोकल्या. सगळ्यात खाली 'तान्हं बाळ', त्यावर 'रांगतं लेकरू', मग 'चालतं लेकरू', 'आज्ञाधारक', 'सेवा', सहावीवर 'क्षमा' आणि एकदम दहावीवर 'परिपूर्ण'. मधल्या तीन पायऱ्या कोऱ्या का, असं एका मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिथवर पोचणं अवघड असतं हे दिसायला नको?" सहाव्या पायरीला खिळा ठोकताना मी उभी चिरले. "जुनी आहे, करकरणारच," एवढंच ते म्हणाले. पायांतले टायरचे तुकडेही त्यांनी उपटून टाकले. विश्वासाला टायर शोभत नाही म्हणे.

दर वर्धापनदिनाला प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने माझ्यावर लागे. कोण कुठल्या पायरीवर, हे सचिवकाका ठरवत. दहावीवर बारा वर्षं एकच चिठ्ठी होती. कुणाची, ते तुम्ही ओळखलंच असेल. उपासना चालवणारे पाळकसाहेब 'तान्हं बाळ' या पायरीवर होते, कारण बारा वर्षांपूर्वी ते नवीन होते.

आता मुद्द्याचं ऐका. सहाव्या पायरीपर्यंत पोचलेल्यांनाच कबरस्थानात जागा, असा नियम सचिवकाकांनी करून घेतला. मावशी पाचवीवर अडकली होती. तिला रंगाऱ्याच्या शेजारची जागा हवी होती. भिंतीलगत तेवढी एकच उरली होती आणि तिच्यावर सचिवकाकांचाही डोळा होता, सावलीमुळे.

"आधी मला मनापासून क्षमा करा, मावशी," ते दरवर्षी म्हणायचे. "मग चिठ्ठी वर सरकेल."

"कशाबद्दल करू ते तरी बोला."

"तेच तर. मी काही केलेलंच नाही."

"मग माफ काय करू, तुमचं डोकं?"

"बघा," सचिवकाका पाळकसाहेबांकडे वळायचे, "अजून पाचवीवरच आहे."

"बघू या," पाळकसाहेब म्हणायचे. ते सगळ्यालाच बघू या म्हणत.

मित्रांनो, त्या बारा वर्षांत मी गप्प बसले नाही. माझ्याकडून जमेल तेवढं उट्टं मी काढत होते. सचिवकाकांच्या तळहातात मी एकूण एकोणीस कुसळं घातली. दोन पँटी फाडल्या. ते प्रार्थना लांबवू लागले की मी बरोब्बर 'आणि शेवटी' या शब्दांवर करकरायची. पण यात समाधान नव्हतं. कुसळ चिमट्याने निघतं. मला न निघणारं काहीतरी हवं होतं.

यंदाच्या वर्धापनदिनासाठी सचिवकाकांनी फरशीला मेण लावून घेतलं. तोंड दिसेल अशी फरशी चकाकत होती. उपासना ऐन रंगात असताना ते नवी चिठ्ठी घेऊन माझ्यावर चढले. पायथ्याशी नेहमीसारखी मावशी मला धरून उभी होती. ते सहावीवर पोचले, दहावीकडे हात लांबवला आणि माझे अनवाणी पाय वीतभर सरकले.

मावशीने खांदा लावला. मी थांबले. सचिवकाकाही थांबले. पुढच्या बाकावरचे दोघे धावले.

"कुणी हात लावू नका!" मावशी ओरडली. "हलली तर जाईल."

"मावशी, घट्ट धरा हं," वरून आवाज आला.

"धरलंय की. बारा वर्षं धरलंय. तुम्ही निवांत बोला."

"काय बोलू?"

"छत कुणी रंगवलं?"

सचिवकाकांनी खाली चकाकणाऱ्या फरशीकडे पाहिलं.

"रंगाऱ्याने."

"सगळं?"

"तारेसुद्धा."

"कल्पना कुणाची होती?"

"त्याचीच. मी पांढरं म्हणालो होतो."

"त्याच्याशेजारची जागा कुणाची?"

"तुमची."

"मोठ्याने बोला. मागच्या बाकावरच्या आजींना ऐकू येत नाही."

"तुमची! मावशी, जागा तुमची! चुकलो मी!"

"काय म्हणतोय तो?" आजींनी विचारलं.

"चुकलो म्हणतोय," शेजारच्या सुनेने सांगितलं.

"कोण, सचिव? मग नीट ऐकू आलेलं नाही तुला."

मी खालून मावशीचे हात बघत होते. बोटं पांढरी पडली होती, दंड थरथरत होते. सोड, मी मनात म्हणत होते, आता सोड. सगळं वदवून झालंय, यापेक्षा चांगली वेळ येणार नाही. तिने सोडलं असतं तर कुणी काही म्हणू शकलं नसतं. मेण तिने नव्हतं लावायला सांगितलं. तिने पाय आणखी घट्ट रोवले.

"झालं," ती म्हणाली. "माफ केलं. उतरा सावकाश, मी सोडत नाही."

सचिवकाकांनी सुटकेचा श्वास घेतला आणि पाळकसाहेबांकडे वाकून हळूच म्हणाले, "एवढं इतिवृत्तात घेऊ नका हं."

हे मावशीला ऐकू गेलं नाही. मला गेलं. माफ मावशीने केलं होतं. मी नव्हतं केलं.

खिळ्याच्या जुन्या चिरेपाशी मी सहावी पायरी मोडली. सचिवकाका मला छातीशी कवटाळून खाली घसरले. क्षमेवरून सेवा, सेवेवरून आज्ञाधारक, चालतं लेकरू, रांगतं लेकरू, प्रत्येक टप्प्यावर हनुवटी टेकवत ते तान्ह्या बाळापर्यंत पोचले आणि फुलांच्या बादलीत बसले. सगळा प्रवास दोन सेकंदांचा. पाऊल मुरगळलं, एवढंच.

त्याच आठवड्यात पंचमंडळ बसलं. विश्वासाच्या शिडीवरून सचिव पडले हे लिहायचं कसं? म्हणून कोणी पडलं नाही असं ठरलं. कोणी पडलं नाही म्हणजे कोणी चढलंही नव्हतं, आणि चढलंच नव्हतं तर वरून कोणी काही बोललंही नव्हतं. झालं, मावशीची जागा पुन्हा गेली.

मावशी झाडू घेऊनच बैठकीत शिरली.

"काही घडलंच नाही म्हणता?"

"नाही," सचिवकाका म्हणाले. पाय स्टुलावर, बँडेजमध्ये होता.

"बरं झालं. मग यंदाची चिठ्ठी लावायची राहिली असेल. या रविवारी चढा. नवी पायरी मी बसवून घेते, मेणही मीच लावते."

सगळे बँडेजकडे बघू लागले. पाळकसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा 'बघू या' म्हटलं नाही. ते म्हणाले, "कागद आणा." जागा मावशीच्या नावावर झाली आणि सचिवकाकांनी खाली सही केली.

त्या संध्याकाळी मावशी अडगळीच्या खोलीत माझ्याकडे आली. मला वाटलं, पाठ थोपटेल.

"तू का मोडलीस गं?" ती म्हणाली. "मी धरलं होतं ना? माझं झालं होतं. केवढं जड गेलं मला ते, आणि तू मध्येच..." तिने मोडक्या पायरीवरचा 'क्षमा' लिहिलेला पत्रा काढून माझ्यापुढे ठेवला. "तुझं तू बघ आता."

मित्रांनो, लाकडी वस्तूंना खिळे मारू नका, त्यांचे पाय उघडे करू नका आणि ज्याचं काम त्याचं नाव लिहायला विसरू नका, एवढंच तुम्हाला सांगणं. बाकीचं पंचमंडळाला सांगायचं आहे.

प्रति, मा. पंचमंडळ. अर्जदार शिडी अद्याप क्षमेच्या टप्प्याला पोचलेली नाही, हे ती नम्रपणे कळवते. तरी विनंती की, तिला या टप्प्यासाठी पंचवीस वर्षांची मुदतवाढ मिळावी. दरम्यान अर्जदाराची प्रगती तपासण्यासाठी मा. सचिवांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः अर्जदारावर चढावे. खाली धरायला कोणाचीही नेमणूक करू नये.