एक मिलीमीटर घिसाईला

जुनं ते सोनं, असं आपल्या पूर्वजांनी फार विचार करून सांगून ठेवलं आहे. गोंदियाजवळच्या गोरेगावचे फोटोग्राफर दुधराम रहांगडाले यांची रिळाच्या जमान्यातली दोनशे मिलीमीटरची लेन्स सोनंच होती. फक्त ती त्यांच्या नव्या, तळहाताएवढ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसत नव्हती.

बसायला तर हवी होती. मुलगी खुशी बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकत होती आणि या आठवड्यात पहिल्यांदा एकटी उडणार होती. नेमकी कधी, ते शिकवणारे साहेब ऐनवेळी ठरवतात. दुधरामभाऊंनी तीस वर्षं अर्ध्या तालुक्याची लग्नं टिपली होती. घरचाच फोटो चुकला असता, तर लोकांनी ऐकवलं असतं.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी रिंग विकत मिळते; पण यायला दहा दिवस. म्हणून ते गोंदियाला सुखरामच्या लेथवर गेले. सुखराम राइस मिलचे शाफ्ट बनवतो.

"कायले मागवता भाऊ? उद्या घेऊन जा."

रिंग झकास बसली. हातभर लेन्स लावलेली असताना कॅमेऱ्याने पडद्यावर कळवलं, 'लेन्स लावलेली नाही.' त्याची ती समजूत सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागली. मग भाऊंनी पत्नी प्रेमिलाबाईंना स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं आणि हाताने फोकस फिरवला. पापण्यांचे केस मोजता येत होते.

"माह्या पापण्या मोजून विमान उडन काय?" प्रेमिलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भाऊ बिरसीच्या विमानतळालगत एका शेताच्या धुऱ्यावर उभे राहिले. शेजारच्या धानाच्या बांधीतला बगळा लख्ख आला. आभाळातलं विमान पेजेत पडलेल्या माशीसारखं. लेन्स कितीही फिरवली तरी फोकस चाळीस मीटरपलीकडे जाईना. रिंग जाड झाली आहे, हे तीस वर्षांच्या अनुभवाला लगेच कळलं. मोटरसायकल गोंदियाकडे.

"सुखराम, रिंग जाड काऊन केली बे?"

"एकच मिलीमीटर, भाऊ. घिसाईले जास्त ठेवाच लागते. मिलवाले तं कधी बोंबलले नाही."

"लेन्स काय धान कांडून राहिली?"

"आता मले का मालूम, तुमी घरी तिचं काय करून राहिले तं!"

सुखरामने मिलीमीटर काढून दिला, वर चहा पाजला. साडेदहाला भाऊ पुन्हा धुऱ्यावर. अकराला एक विमान डोक्यावरून वळलं. चाकाचे बोल्ट, शेपटीवरचा नंबर, काच, सगळं स्वच्छ.

संध्याकाळी खुशी घरी आली. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"बाबा, भारी आला. पण यात दोन डोकी आहेत."

"तू कोनती?"

"मी नाहीच यात. मी एकटी होती ना."

"मंग तू कधी उडाली?"

"साडेनऊला."

साडेनऊला दुधरामभाऊ गोंदियात होते.