हिरवी पट्टी

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मला ढकलणाऱ्या मामांना ज्या वर्षी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी मी या रुग्णालयात आले. मित्रांनो, तेव्हा माझा मोठा थाट होता. पाय मोडलेली मुलं माझ्यावर बसून मामांना "अजून जोरात" म्हणायची. बाळंतिणी बाळाला घेऊन माझ्यावरूनच दारापर्यंत जायच्या.

मामांच्या मुली दहावीला गेल्या आणि साथ आली. फाटकापाशी मांडव पडला. तिथे एक सिस्टर आलेल्यांना पाहून मनगटाला पट्टी बांधायच्या. चालत आला, नीट बोलला, की हिरवी. त्याने बाकावर थांबायचं. धाप लागली असेल तर लाल. त्याला मी आत न्यायची. आत नेलेल्यांपैकी फार थोडी माणसं मी बाहेर आणली. म्हणून लोक मला पाहून अंग चोरायचे. खरं सांगते, त्या दाराशी माझीही चाकं जड व्हायची.

एक दिवस एक सून सासूसासऱ्यांना घेऊन आली. दोघांनाही ताप होता. मला पाहताच सासूबाईंनी तोंड फिरवलं.

"मी काय लुळी आहे? चालत आलेय... चालतच जाईन."

पण माझ्या मुठीवर त्यांनी सगळा भार टाकला होता. सिस्टरांनी हिरवी पट्टी उचलली. तेवढ्यात सून पुढे झाली.

"सिस्टर, या मला बोलायला लागल्या की श्वाससुद्धा घेत नाहीत हो. आज सारख्या थांबतायत."

"बघा, चारचौघांत ही... माझी..." सासूबाईंचं वाक्य पुरं झालंच नाही.

सिस्टरांनी लाल पट्टी बांधली. मामांनी त्यांना माझ्यावर बसवलं. सासूबाई सुनेचा हात सोडेनात, म्हणून सून दारापर्यंत धावत आली.

सासरे मागे पिशवी धरून उभे होते. घरातही दिवसाकाठी दोन शब्द बोलणारा माणूस. सिस्टरांनी त्रास होतोय का विचारलं, त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं, घाईघाईने हिरवी पट्टी बांधून घेतली आणि बाकावर ताठ बसले.

मित्रांनो, माझ्यावर बसायला भिऊ नका. आणि गप्प बसणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा.

सासूबाई महिन्याभराने घरी गेल्या. सासरे मात्र आले त्याच दिवशी, दिवेलागणीला, बाकावर बसल्याबसल्या वारले.