हलव्याचा हार कुणी ओवला

पितळी डब्याचं झाकण वर्षाराणीच्या हातून निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. तेवढ्या आवाजानं घरातली शांतता मोडली. ती पसरली होती सासूबाई मल्लम्मांच्या एका वाक्यानं, आणि ते वाक्य त्यांनी अगदी हसत हसत टाकलं होतं.

झालं होतं असं. युसूफ वडगाव या त्यांच्या गावच्या गणेश मंडळाचं यंदा नाटक होतं. एकमेकांचं तोंड न बघणारे एक मास्तर आणि एक नर्सबाई. गावातली टवाळ मंडळी मास्तरला सांगतात, बाई तुझ्यासाठी झुरायलीय; बाईला सांगतात, मास्तरनं जेवण सोडलंय. दोघंही फसतात आणि शेवटी लग्न लागतं. वर्षाराणीचा नवरा सिद्धेश्वर त्यात थापा मारणारा दोस्त झाला होता. दुपारी किराणा दुकानाचं शटर ओढून तो जेवायला आला, की भाकरी थापता थापता ती त्याचं पाठांतर घ्यायची. आज ती सहज म्हणाली, असल्या थापेवर कुठं प्रेम जमतं का, चार दिवसांत उघडं पडेल. कोपऱ्यात नात आरोहीला घेऊन शेंगा फोडत बसलेल्या मल्लम्मांनी मान वर केली.

"तुमचं न्हाई का जमलं? तो हलव्याचा हार मी ओवलता. ह्याला तर पत्ताबी नव्हता."

तो हार साखरपुड्यानंतरच्या संक्रांतीला तिच्या माहेरी, धर्मापुरीला आला होता. त्याआधी ती लग्न मोडायच्या बेतात होती. बघायला आलेला मुलगा मान खाली घालून पोहे खाऊन गेला, एक शब्द विचारला नाही. असल्या मुक्यासोबत जन्म कसा काढायचा, असं तिनं वडलांना सांगूनही टाकलं होतं. मग काळी साडी आणि हलव्याचे दागिने घेऊन मल्लम्मा आल्या आणि तिच्या कानाशी लागल्या. हार सिद्धूनं ओवलाय, साखरेच्या काट्यांनी बोटं सोलली पोराची. घरी जाऊन त्यांनी लेकाला सांगितलं, पोरगी हार छातीशी धरून रडली. ती काही रडली नव्हती. पण होकार पक्का केला तो त्या हारावरच. पुढं संसारात त्याचं घुमेपण टोचलं, की ती सोललेली बोटं आठवून ती राग गिळायची.

मल्लम्मा काय ते उमजल्या. शेंगांचं सूप उचलून अंगणात गेल्या.

"तुमाला कधी कळलं?" वर्षाराणीनं नवऱ्याला विचारलं. आवाज चढवला नाही.

"लग्न झाल्यावर लगीच. तू माझी बोटं हातात घेतलीस, लई दुखली का म्हणून. मला कळंचना कशानं. मग आईला विचारलं."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

सिद्धेश्वरनं भाकरीचा तुकडा ताटात उगाच फिरवला. "तू लई मायेनं बघायलतीस. तसं कुणी बघितलं नव्हतं मला."

मग थांबत थांबत त्यानं बाकीचं सांगितलं. उघडं पडायच्या भ्यानं तो दुकानात लपून आईकडून ओवायला शिकला. आरोहीच्या बोरन्हाणाला मुकुटापासून वाळ्यांपर्यंत सगळं त्यानंच केलं, तेव्हा वर्षाराणीला वाटलं होतं, याचा जुनाच हात आहे.

तिला रडू येईना, रागही धड येईना. जो माणूस नव्हताच, त्याच्यावर तिचा जीव जडला होता. आणि हा समोरचा माणूस इतकी वर्षं गुपचूप त्याच्यासारखा होत गेला होता. मग आपण जीव लावला तो कुणाला? नाटकात बरं असतं. लग्न लागलं की पडदा पडतो.

तिनं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली, पण हात तिथंच थबकला. तो खाली बघत होता, पोहे खाताना बघत होता तसाच.

आरोही शेंगा सोडून कधीची तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"आई, आज्जी खोटं बोलली नसती, तर मी कुणाच्या घरी असते?"